स्पॅनिशचा 'सी', फ्रेंचचा 'सी', स्लोव्हाकचा 'सि': हा एकच शब्द आहे का?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंचं म्हणणं थोडक्यात असं आहे: ऑफिसच्या कामासाठी स्पॅनिश शिकायला घेतलं, पहिल्याच धड्यात 'सी म्हणजे हो' पाठ केलं, आणि पुढे गेल्यावर तोच सी 'जर' म्हणून समोर आला. मुलगी शाळेत फ्रेंच शिकते, ती म्हणते आमच्यात हो म्हणजे 'वी', आणि सी म्हणजे जर, पण कधीकधी सी म्हणजे पण हो. मिस्टरांची बदली स्लोव्हाकियात ब्रातिस्लाव्हाला झालीय, ते सांगतात तिथे सि म्हणजे 'आहेस'. आणि दो रे मी च्या शेवटी येतो तो पण सीच. तर हा सगळा एकच शब्द का, आणि वाक्यात आला की कुठला ते ओळखायचं कसं?

मी पुण्यात स्पॅनिश आणि फ्रेंच शिकवते, भाषांतराची कामं पण करते, आणि हा प्रश्न दर बॅचमध्ये कोणीतरी विचारतंच. खरं तर यात दोन वेगळे प्रश्न आहेत. एक, हे शब्द एकमेकांचे नातेवाईक आहेत का. दोन, समोरच्या वाक्यातला सी कुठला. पहिल्याचं उत्तर इतिहासात मिळतं, दुसऱ्याचं वाक्यात, आणि या दोन्हींची सरमिसळ झाली की गोंधळ होतो, कारण काही सी सख्खे भाऊ असूनही अर्थ पार वेगळे आहेत आणि काही सी ऐकायला अगदी सेम, तरी त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. शिवाय तुम्ही कुठली भाषा शिकताय, लिहिलेलं वाचताय की नुसतं ऐकताय, यावर पण बरंच अवलंबून आहे. म्हणून भाषेभाषेने जाऊया.

सुरुवात लॅटिनपासून करायला लागेल, कारण स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन तिच्यातूनच आल्या. लॅटिनमध्ये या कामाचे तीन शब्द होते. 'सी' म्हणजे जर. 'सीक' म्हणजे असं, अशा प्रकारे. आणि 'सिबी' म्हणजे स्वतःला. यातला 'सीक' तुम्ही बघितलेला असणार, इंग्रजी पेपरात कोणाचं चुकीचं वाक्य जसंच्या तसं छापलं की पुढे चौकटी कंसात 'सिक' टाकतात, म्हणजे 'मुळात असंच आहे'. आता गंमत अशी की पहिले दोन शब्द मुळात एकच आहेत. जुन्या 'सी' चा अर्थ 'असं, त्या परीने' असाच होता, त्याला 'के' हा बोट दाखवणारा तुकडा चिकटला आणि 'सीक' झालं. नुसता राहिला तो 'असं असेल तर' या अर्थाने 'जर' झाला. तिसरा, 'सिबी', वेगळ्या घरचा आहे, त्याचं मूळ 'स्व' अर्थाच्या सर्वनामात, संस्कृतातल्या 'स्व' चं आणि त्याचं मूळ एकच.

पुढे काय झालं तर बोलता बोलता शेवटचं व्यंजन गळालं, 'सीक' चा 'सी' झाला, 'सिबी' चाही 'सी' झाला, आणि आधीचा 'सी' होताच. तीन शब्द झिजून एका आवाजात येऊन बसले. छोट्या शब्दांचं हे नेहमीचंच आहे, ते दिवसातून शंभरदा वापरले जातात म्हणून सगळ्यात जास्त झिजतात.

पण 'असं' चा 'हो' कसा झाला? लॅटिनमध्ये 'हो' साठी एकच एक ठरलेला शब्द नव्हता. कोणी विचारलं 'आलास का', तर उत्तर 'आलो'. नाहीतर 'असंच', 'तसंच' अशा अर्थाचे शब्द. आपण मराठीत आजही हेच करतो की, 'जेवलास?' 'जेवलो.' हो म्हणायची गरजच पडत नाही. पोर्तुगीज लोकांची सवय आजपण तशीच आहे, 'भूक लागलीय?' ला ते 'लागलीय' असंच सांगतात, त्यांच्याकडे 'सिं' हा हो साठीचा शब्द असूनही. (तो 'सिं' पण 'सीक' चाच, फक्त नाकात गेलेला.) तर 'असंच' म्हणून मान डोलावता डोलावता 'सीक' चा हो झाला. आपला 'होय' वेगळ्या वाटेने आला, तो 'होणे' या क्रियापदाचा. दोन्हीकडे गरज तीच होती.

आता तुमचं स्पॅनिश. तिथे हे तिन्ही सी आजपण जिवंत आहेत. रेघेचा सी, म्हणजे आय वर तिरकी रेघ असलेला, हो साठी. बिनरेघेचा सी, जर साठी. आणि रेघेचाच आणखी एक सी आहे 'स्वतः' साठी, तो कायम शब्दयोगी अव्ययानंतर येतो, 'पारा सी' म्हणजे स्वतःसाठी, 'एन सी' म्हणजे स्वतःमध्ये. ती रेघ नुसती सजावटीची नाही. स्पॅनिश अकादमीने 2010 च्या शुद्धलेखनात काही शब्दांवरच्या रेघा काढायला सांगितल्या, पण या सी वरची ठेवली, कारण ती काढली तर कागदावर हो आणि जर मधला फरकच जातो.

ऐकताना रेघ दिसत नाही हे खरं, पण ऐकू येते. रेघेच्या सी वर जोर पडतो, तो एकटा उभा राहू शकतो, त्याच्यानंतर थांबता येतं. बिनरेघेचा सी पुढच्या शब्दाला चिकटूनच येतो, त्याच्यापाशी थांबताच येत नाही. तुम्ही शिक्षकांना नाहीतर ॲपला दोन्ही वाक्यं वाचायला लावा, 'हो, येतो' आणि 'तो आला तर', चार-पाच दिवसात कानाला फरक कळायला लागेल. मी विद्यार्थ्यांना अर्थ पाठ करू देत नाही, आधी कुठल्या सी वर जोर आहे एवढंच ओळखायला सांगते.

या दोघांचे आणखी उपयोग आहेत ते पुस्तकात उशिरा येतात पण बोलण्यात पहिल्या दिवसापासून येतात. 'यो सी बोय', म्हणजे 'मी तर जाणारच', बाकी कोणी जावो न जावो. इथे सी म्हणजे नुसतं हो नाही, आपला 'तर... च' आहे तो. उलट बिनरेघेचा सी वाक्याच्या सुरुवातीला येऊन 'जर' नसतोच कधीकधी. 'सी नो ए एचो नादा!' याचं शब्दशः 'जर मी काही केलं नाही' असं भाषांतर केलं की वाक्य अर्धवट लटकतं आणि विद्यार्थी पुढच्या 'तर' ची वाट बघत बसतात. ते वाक्य पूर्ण आहे, अर्थ आहे 'अहो मी कुठे काय केलं!' आणि 'दार एल सी', सी देणे, म्हणजे लग्नाला होकार देणे, हे तर आपल्या 'होकार दिला' सारखंच.

एक साम्य मराठी माणसाच्या लगेच लक्षात येतं. स्पॅनिशमध्ये 'असी' म्हणजे असं, आणि आपलं 'असं, अशी'. उच्चार जवळपास तोच, अर्थ तोच, आणि तरी नातं शून्य. त्यांचा 'असी' याच 'सीक' ला पुढे 'अ' लागून झालाय, आणि आपला 'असा' संस्कृत 'ईदृश' मधून प्राकृतातून आलाय. लक्षात ठेवायला जरूर वापरा, मी स्वतः वर्गात सांगते, फक्त त्यावरून स्पॅनिश आणि मराठी बहिणी आहेत असा निष्कर्ष काढू नका. दूरचं नातं आहे ते दुसऱ्या शब्दांत दिसतं, ते खाली स्लोव्हाकमध्ये सांगते.

लिहिताना अजून एक जागा सांभाळा, 'सिनो' जोडून लिहिला तर 'नव्हे, तर' (चहा नव्हे तर कॉफी) आणि 'सी नो' तोडून लिहिलं तर 'जर नाही'. हे स्पेनमधले लोक पण चुकतात, त्यामुळे कोणाच्या व्हॉट्सॲप मेसेजवरून शिकायला जाऊ नका.

इटालियन तुम्ही विचारलं नाहीत पण स्पॅनिश येणारे लोक पुढे तिकडे वळतातच, म्हणून सांगते, तिथे पाट्या बदललेल्या आहेत. हो म्हणजे सी, इथपर्यंत ठीक, फक्त रेघ उलट्या दिशेने झुकलेली. पण जर म्हणजे 'से', आणि रेघ नसलेला 'सी' म्हणजे स्वतःला किंवा कर्ता न सांगता बोलायचं ते. स्पॅनिशमध्ये बरोबर उलटं, जर म्हणजे सी आणि स्वतःला म्हणजे से. माद्रिदमधल्या दुकानावर 'से आब्ला...' आणि रोममधल्या दुकानावर 'सी पार्ला...' लिहिलेलं असतं, दोन्हीचा अर्थ 'इथे अमुक भाषा बोलली जाते'. तोस्कानाकडे हाच सी आणखी पुढे गेलाय, 'नोई सी वा' म्हणजे 'आपण जातो', म्हणजे स्वतः अर्थाचा शब्द 'आपण सगळे' अर्थाने वापरायचा. आपलं 'आपण' बघा ना, ते पण 'आत्मन्' मधूनच आलं आणि 'आम्ही तुम्ही मिळून' झालं. दोन भाषांनी एकमेकींकडे न बघता तीच वाट धरली.

आता फ्रेंच, म्हणजे मुलीचा प्रश्न. फ्रेंचमध्ये सी ची तीन कामं आहेत, जर, 'इतका' (सी ग्राँ म्हणजे इतका मोठा), आणि तो विचित्र वाटणारा हो. पहिला लॅटिन 'सी' चा, बाकीचे दोन 'सीक' चे. 842 साली सम्राट शार्लमेनच्या दोन नातवांनी, लुई आणि शार्ल यांनी, तिसऱ्या भावाविरुद्ध एकत्र राहायची शपथ स्ट्रासबुर्गला सैन्यासमोर घेतली, तिचा मजकूर शब्दशः टिकलाय आणि फ्रेंच भाषेचा सगळ्यात जुना नमुना म्हणून तो शिकवतात. त्या एवढ्याशा मजकुरात दोन्ही सी आहेत. एका वाक्यात 'सी साल्वाराई एओ', म्हणजे 'असं मी रक्षण करीन', आणि पुढच्या शपथेत 'सी लुडविगने शपथ पाळली', म्हणजे 'जर पाळली'. म्हणजे हा गोंधळ भाषेच्या पहिल्या लिखित पानापासूनचा आहे, तुमच्या मुलीने अजिबात वाईट वाटून घेऊ नये.

मग फ्रेंचचा हो 'वी' कसा? फ्रान्सच्या उत्तरेकडे लोक 'असं' न म्हणता 'ते' म्हणायचे, लॅटिन 'होक' म्हणजे 'हे, ते', त्याला 'तो' जोडून 'ओईल' व्हायचं, म्हणजे साधारण 'हे त्याने (केलं)', त्याचाच घासून 'वी' झाला. दक्षिणेत नुसतं 'ओक' राहिलं. 14 व्या शतकाच्या सुरुवातीला इटालियन कवी दान्तेने याच एका शब्दावरून भाषांची वाटणी केली, ओक वाले, ओईल वाले आणि सी वाले. दक्षिण फ्रान्समधल्या लांगदोक या प्रदेशाचं नाव म्हणजे अक्षरशः 'ओक ची भाषा', आणि 2016 पासून तिथल्या नव्या मोठ्या प्रांताचं नाव ओक्सितानी आहे, त्यातही तोच ओक. हो म्हणायच्या पद्धतीवरून एका प्रांताचं नाव पडलंय.

फ्रेंचमधला हो वाला सी फक्त एकाच ठिकाणी येतो, समोरच्याने नकारार्थी विचारलं आणि तुम्हाला ते खोडायचंय तेव्हा. 'तू जेवला नाहीस?' 'सी!' म्हणजे 'जेवलो की!' आपल्या 'की' चं हेच काम आहे, आणि मराठी येणाऱ्याला ही गोष्ट इंग्रजी मीडियमच्या पुस्तकापेक्षा यातून पटकन कळते. मुलीला सांगा, जिथे मराठीत क्रियापदापुढे तावातावाने 'की' नाहीतर 'ना' येईल (आलो की, केलं ना) तिथे फ्रेंचमध्ये सी.

पण खरा खड्डा दुसरीकडे आहे आणि तो खास आपल्यासाठी आहे. 'तू येत नाहीयेस?' असं विचारलं आणि खरंच यायचं नसेल तर मराठीत आपण म्हणतो 'हो, नाही येत'. आपला हो समोरच्याच्या बोलण्याला असतो, की तू म्हणतोस ते बरोबर आहे. फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन तिन्हींत उत्तर गोष्टीला द्यायचं असतं, येत नाही तर 'नाही' च म्हणायचं. म्हणजे न येणारा 'नों' म्हणणार आणि येणारा 'सी' म्हणणार. आपली मुलं तिथे 'वी' म्हणतात आणि समोरचा फ्रेंच माणूस बुचकळ्यात पडतो की हा येतोय की नाही. स्पॅनिशमध्ये तर याहून वाईट, तिथे 'सी' एकच आहे, त्यामुळे तुम्ही मराठी डोक्याने 'सी' म्हणालात की त्यांनी ऐकलं 'येतेय'. ऑफिसच्या कॉलवर 'फाईल अजून आली नाही ना?' ला 'सी' म्हणून मोकळे झालात की पलीकडचा माणूस फाईल आली समजून पुढे जाणार. म्हणून माझा आग्रह असतो की सुरुवातीचे काही महिने नुसतं सी किंवा नो म्हणूच नका, पूर्ण वाक्य बोला, 'नाही, आली नाही'.

जर वाल्या सी मध्ये पण आपली मराठी मध्ये येते. 'वेळ असता तर आले असते', दोन्ही बाजूंना आपण 'असत-' लावतो. मग विद्यार्थी स्पॅनिशमध्ये पण दोन्ही बाजूंना तेच रूप लावतात. चालत नाही. सी च्या बाजूला वेगळं रूप, निकालाच्या बाजूला वेगळं, 'सी तुव्येरा त्येंपो, बेंद्रिया'. फ्रेंचमध्ये पण तसंच, 'सी झाव्हे ल ताँ, झ व्ह्यँद्रे', तिथल्या शाळेत मुलांकडून घोकून घेतात की सी ला 'रे' आवडत नाही, म्हणजे सी च्या बाजूला 'रे' ने संपणारं रूप लावायचं नाही. आता हे पण सांगायला हवं की उत्तर स्पेनमध्ये, बास्क भागात, बुर्गोसकडे, घरात बोलताना लोक दोन्ही बाजूंना तेच रूप सर्रास वापरतात, तुमचा क्लायंट तिकडचा असेल तर तुम्हाला ऐकू येईल. ऐका, चूक काढू नका, पण परीक्षेत आणि ईमेलमध्ये लिहू नका. आणि साध्या जर ला, 'पाऊस आला तर', स्पॅनिश, फ्रेंच दोन्हींत वर्तमानकाळ लागतो, आपला भूतकाळ तिथे न्यायचा नाही आणि भविष्यकाळ तर नाहीच.

बाय द वे, 'सिल व्हू प्ले' म्हणजे प्लीज हे सगळ्यांना येतं, त्यातला पहिला 'सि' हा जर च आहे. 'तुम्हाला आवडलं तर.' 'इल' च्या आधी सी चा स्वर गळतो, फक्त इल आणि त्याच्या अनेकवचनाच्या आधी, 'एल' म्हणजे ती आली तर गळत नाही. मुलीच्या पेपरात यावर हमखास अर्धा मार्क असतो.

रोमानियन मला या सगळ्यात फार आवडते कारण तिथे तिन्ही लॅटिन शब्द टिकले आणि तिघांनीही कामं बदलली. 'सीक' चा झाला 'शि', अर्थ 'आणि, सुद्धा'. 'शि एउ' म्हणजे मी पण. 'सी' चा झाला 'सं' सारखा उच्चार असलेला एक तुकडा, तो आता 'जर' नाहीच, 'जावं, करावं' अशा क्रियापदाच्या आधी येतो. 'सिबी' चा पण झाला 'शि', स्वतःला. आणि हो साठी त्यांनी शेजारच्या स्लाव लोकांकडून 'दा' घेतला. म्हणजे 'सी म्हणजे हो' हे तिथे पूर्णच मोडतं, बुखारेस्टमध्ये 'शि?' असं कोणी विचारलं तर तो म्हणतोय 'बरं, मग?'

आता मिस्टरांची स्लोव्हाक. ही मी कामापुरतीच शिकले, पण हा सि मात्र मनापासून शिकले. इथे लॅटिनचा काही संबंध नाही. 'ति सि दोमा' म्हणजे 'तू घरी आहेस'. हा सि कुठला, तर 'तत्त्वमसि' मधला. तत् त्वम् असि, ते तू आहेस. जुन्या स्लाव भाषेत हे रूप 'येसि' होतं, पुढचा भाग गळून 'सि' राहिला. संस्कृत 'असि' आणि हा 'येसि' एकाच शब्दाची दोन पोरं. ऐकायला सारखं असून नातं नसलेला 'असी' वर सांगितला, हा त्याच्या उलट, हे नातं पक्कं आहे, कारण ते एका शब्दावर उभं नाही, संस्कृत अस्मि, असि, अस्ति आणि स्लाव येस्मि, येसि, येस्ति अशी सगळी ओळच जुळते. ओळच्या ओळ जुळली की योगायोग म्हणता येत नाही.

याचा मिस्टरांना रोजच्या बोलण्यात उपयोग आहे. स्लोव्हाकमध्ये भूतकाळ बोलताना दुसऱ्या पुरुषाला हा सि लावायला लागतो, 'कूपिल सि' म्हणजे 'विकत घेतलंस'. आपल्या 'घेतलंस', 'गेलास', 'येतोस' मध्ये शेवटी स येतो ना, तो पण त्याच जुन्या दुसऱ्या पुरुषाच्या सि चा. संतांच्या ओव्या-अभंगांत 'जाणसी', 'करिसी' अशी रूपं आहेतच. म्हणून त्यांना सांगा, मराठीत जिथे तोंडातून स येतो तिथे स्लोव्हाकमध्ये सि ठेवा, भूतकाळात हे बरंच जमतं. (दोन्हीकडे 'ल' पण दिसतोय, कूपिल आणि घेतल, पण त्या ल च्या मागे लागू नका, आपला ल प्राकृतातल्या 'इल्ल' प्रत्ययाचा, त्यांचा वेगळ्या वाटेने आलेला.)

पण थांबा, स्लोव्हाकमध्ये दुसरा पण सि आहे, 'स्वतःला' अर्थाचा, आणि हा मात्र लॅटिन 'सिबी' च्याच जुन्या कुळातला. 'मी मला एक पुस्तक घेतलं' असं आपण म्हणतो तसं 'कूपिल सोम सि क्निहु'. मग 'तू तुला पुस्तक घेतलंस' कसं म्हणायचं? 'कूपिल सि सि क्निहु.' दोन सि शेजारी शेजारी, पहिला 'आहेस' वाला आणि दुसरा 'स्वतःला' वाला, आणि दोन्ही लागतात. मिस्टरांना ते कानाला अडखळल्यासारखं वाटेल, पण तसं नाहीये. शेजारच्या चेकमध्ये या दोघांचं जोडून 'सिस' करून टाकतात. बल्गेरियनमध्ये पण दोन्ही सि आहेत, स्लोव्हेनियनमध्ये पण.

बाकीच्या भाषा पटापट सांगते. नॉर्वेजियनमध्ये 'सि' म्हणजे सांगणे, तो वेगळाच, जुन्या 'सेग्या' चा घासलेला, इंग्रजी 'से' चा भाऊ. पण तिथेच दुसरा सि आहे, 'बूका सि' म्हणजे 'आपलं स्वतःचं पुस्तक'. 'ती आपलं पुस्तक वाचते' आणि 'ती तिचं पुस्तक वाचते' यात आपण फरक करतो ना, दुसऱ्यात पुस्तक भलत्याच बाईचं असू शकतं, नॉर्वेजियन अगदी तसाच फरक करते, इंग्रजीला तो जमत नाही. आणि हा सि परत त्या 'स्व' च्याच घरचा. आयरिशमध्ये ते लिहितात सी आणि म्हणतात 'शी', अर्थ 'ती'. चौथ्या शतकातल्या गॉथिक (जर्मनची एक जुनी नातेवाईक भाषा) बायबलमध्ये पण 'ती' ला 'सि' च आहे, जर्मन 'झी' त्यांच्याच घरातली. आयरिशमधला दुसरा 'शी' म्हणजे परीलोकाची टेकडी, इंग्रजी भुताच्या गोष्टीतली बॅन्शी म्हणजे 'त्या टेकडीतली बाई', आणि त्या 'शी' चं मूळ 'बसणे, राहणे' या धातूत, म्हणजे आपल्या 'सदन' च्या कुळातलं. हंगेरियनमध्ये पण लिहायचं सी, म्हणायचं शी, अर्थ बर्फावरच्या घसरायच्या पट्ट्या, म्हणजे स्की. तो जर्मनमधून आला, जर्मनने नॉर्वेजियनकडून घेतला, आणि मूळ अर्थ चिरलेली फळी. अल्बेनियनमध्ये 'सि येनी' म्हणजे 'कसे आहात', सि म्हणजे कसं. कातालानमध्ये (बार्सेलोनाकडची भाषा) हो आणि जर आहेतच, शिवाय लॅटिन 'सिनुस' झिजून झालेला एक सी आहे, अर्थ ऊर, कूस, 'कुटुंबाच्या कुशीत' म्हणतात ना तसा.

तर नात्याचा हिशोब मांडायचा तर: लॅटिनमधले 'जर' आणि 'असंच' म्हणून हो, हे सख्खे भाऊ. स्वतः अर्थाचे सगळे, इटालियन, स्लोव्हाक, नॉर्वेजियन, मिळून एक वेगळं घर, तेच 'स्व' चं. स्लोव्हाकचा 'आहेस' तिसऱ्या घरचा, 'असि' चा. आयरिश-गॉथिक 'ती' चं एक घर. नॉर्वेजियन सांगणे, हंगेरियन स्की, परीची टेकडी, कातालान कूस हे एकेकटे, फक्त झिजून झिजून तेवढाच आवाज उरलाय.

ओळखायचं कसं यावर मी जे करायला लावते ते असं. एका भाषेची एकच वही, त्यात 'सी = हो' अशी जोडी लिहायची नाही, पूर्ण छोटं वाक्य लिहायचं आणि खाली तुम्ही घरात बोलता तशी मराठी, 'यो सी बोय, मी तर जाणारच', असं. मग वाक्य वाचताना तीनच गोष्टी बघायच्या: जोर आहे का, त्यानंतर थांबता येतंय का, आणि लगेच आधी-पुढे काय आहे. जोर आहे आणि थांबता येतंय, तर हो. पुढे क्रियापदाचं पूर्ण वाक्य आहे आणि शेवटी निकाल आहे, तर जर. त्याच्या आधी शब्दयोगी आहे, तर स्वतः. हे स्पॅनिशला लागू. मिस्टरांनी स्लोव्हाकमध्ये मात्र जोर शोधू नये, तिथे दोन्ही सि बिनजोराचे असतात, तिथे कर्ता 'तू' आहे का एवढं बघायचं, 'मी' किंवा 'तो' असेल तर तो सि नक्की स्वतःचाच. आणि मुलीने स्पॅनिशची वही बघायची नाही, निदान फ्रेंचची परीक्षा होईपर्यंत.

राहिला सूर. 11 व्या शतकात इटलीतल्या ग्विदो दारेत्सो या साधूने सेंट जॉनच्या एका लॅटिन स्तोत्राच्या ओळींची पहिली अक्षरं घेऊन सुरांना नावं दिली, उत, रे, मी, फा, सोल, ला, कारण त्या स्तोत्रात पहिल्या सहा ओळींतली प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक सूर वर सुरू होते. (उत चाच पुढे दो झाला.) त्याने सहाच घेतले होते. सातवा खूप नंतर जोडला गेला, त्याच स्तोत्राच्या शेवटच्या ओळीतल्या 'सांक्ते योहान्नेस' या नावाच्या आद्याक्षरांवरून, एस आणि आय, झाला सी. इंग्लंडमध्ये 19 व्या शतकात सॅरा ग्लोव्हर या संगीत शिक्षिकेने तो बदलून 'ती' केला, सोल आणि सी दोन्ही एकाच अक्षराने सुरू होत होते म्हणून. स्पेन, फ्रान्स, इटलीत अजून सीच म्हणतात, आणि तिथल्या कागदावर 'सी बेमोल' लिहिलेलं दिसलं तर ते आपल्याकडच्या कीबोर्ड क्लासमधलं बी फ्लॅट.